लॉन पिवळं पडतंय, काहीतरी सुचवा (जरा घाई आहे)

अंगण१९: नमस्कार मंडळी. लॉनला पिवळे डाग पडलेत. आधी ताटाएवढा एकच होता, आता गेटपासून तुळशीवृंदावनापर्यंत पसरलेत. माळी म्हणाला पाणी कमी पडतंय, म्हणून दोन वेळा पाणी सुरू केलं. युरियाही टाकून झाला. ढिम्म फरक नाही. बारा दिवसांनी अंगणातच मुलाचा साखरपुडा आहे. लवकर हिरवं व्हायला काय टाकू? लॉन काढून टाका असं कृपया कुणी सांगू नका.

रानवारा: कुठे राहता? गवत कोणतं? ऊन किती तास? फोटो?

अंगण१९: पुणे. गवत साधंच, लॉनचं. फोटो चढत नाहीये.

रानवारा: लॉनचं गवत म्हणजे भाजीतली भाजी झाली. बारीक पानांचं, गादीसारखं फुगून येणारं असेल तर मेक्सिकन. हरळीसारखे धावरे सोडत असेल तर सिलेक्शन वन. आणि ऊन राहिलंच.

औंधचे_काका: दादा, बुरशी आहे ही, शंभर टक्के. दोन वेळा पाणी, त्यात एक संध्याकाळी, मग बुरशी नाही तर काय मोगरा येणार? लिटरला २ ग्रॅम बाविस्टीन घालून मारा. आमच्याकडे आठ दिवसांत लख्ख झालं होतं.

अंगण१९: दादा नाही, ताई. मेक्सिकन आहे. जूनमध्ये लावलं. ऊन दुपारपर्यंत.

चिमणचारा: घरात कुत्रा आहे का? कुत्र्याच्या मुताने असेच डाग पडतात. मधे पिवळं आणि कडेने गर्द हिरवं कडं.

अंगण१९: आहे, पण तो गच्चीवर असतो. आणि कडं वगैरे काही नाही, सरसकट वाळलंय.

परसबागवाली: रागावू नका, पण लॉन हवंच कशाला? नुसतं पाणी पितं. मी सगळं काढून मेथी, आंबट चुका, अळू लावलं. गेल्या गणपतीत अळूचं फदफदं घरच्या पानांचं होतं.

अंगण१९: साखरपुड्याला पाहुणे अळूत बसवू का?

मातीचे_पाय: युरिया किती टाकलात? मूठ जास्त पडली आणि वरून भरपूर पाणी दिलं नाही तर गवत जळतं. बोअरचं पाणी आहे का? क्षार असतील तर तेही कारण.

अंगण१९: अहो, युरिया पिवळं पडल्यानंतर टाकला! पाणी नळाचंच. त्यात साळुंक्यांनी उच्छाद मांडलाय. रोज सकाळी त्या पिवळ्या भागातच टोचत बसतात, सगळी माती वर काढून ठेवतात. जाळी टाकू का?

उसाचा_फड: थांबा, थांबा. हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं. साळुंक्या उगाच एकाच जागी येत नाहीत. पिवळं गवत मुठीत धरून वर ओढा. चटईसारखं उचललं गेलं तर खाली मुळंच नाहीत. मग कडेला, जिथे पिवळं संपून हिरवं सुरू होतं तिथे, फूटभर लांब-रुंद आणि चार-पाच इंच खोल उकरा. पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या दिसल्या तर हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची मुळं खाणारी अळी. आमच्या उसाची जुनी वैरीण. जूनमध्ये दिव्याखाली तपकिरी भुंगेरे पडायचे का? लॉनखाली शेणखत कसलं घातलं होतं?

अंगण१९: पडायचे की! गेटपाशी कडुनिंब आहे आणि तिथेच रस्त्याचा दिवा. रोज सकाळी सुपलीभर निघायचे. शेणखत नर्सरीवाल्यानेच आणलं, जरा ओलं होतं, वासही येत होता. उकरून सांगते.

न्यूजर्सीकर: आमच्याकडे सेम प्रॉब्लेम, फक्त भुंगेरा जपानी. १९१६ साली अमेरिकेत तो पहिल्यांदा सापडला तो इथेच, रिव्हर्टनजवळच्या नर्सरीत. मी मित्र सूत्रकृमी (अळ्यांना मारणारे सूक्ष्म जंत) पाण्यात मिसळून सोडतो. लॉन दर शनिवारी कापतो, शेजारी बघत असतात.

जुनाखोड: एवढं काय? फोरेट कीटकनाशक टाका. वडील उसाला हेच टाकायचे.

उसाचा_फड: खोडदादा, फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. आणि त्या लॉनवर पाहुण्यांची पोरं लोळणार आहेत.

अंगण१९: उकरलं. गवत खरंच सतरंजीसारखं गुंडाळलं गेलं. फूटभर जागेत अकरा निघाल्या!! शी. करंगळीएवढ्या आहेत.

औंधचे_काका: बुरशीही असू शकते सोबत. बाविस्टीन माराच.

उसाचा_फड: काका, नको. ताईंना मेटारायझियम वापरावं लागणार, ती स्वतःच एक बुरशी आहे, हुमणीला मारणारी. वरून बुरशीनाशक ओतलंत तर तीच मरेल. ताई, कृषी सेवा केंद्रात मिळतं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून संध्याकाळी पसरा, जमीन ओली ठेवा. पण काम सावकाश होतं, बारा दिवसांत हिरवं होणार नाही. मुळं खाल्लेलं गवत कशानेच हिरवं होत नाही, युरिया बंद करा. वाळलेला भाग गुंडाळून काढा, अळ्या हाताने वेचून रॉकेलच्या पाण्यात टाका. उरलेल्या साळुंक्या खातील, जाळी नको. पुढच्या वर्षी वळीव पडला की संध्याकाळी कडुनिंब हलवा आणि खाली पडलेले भुंगेरे गोळा करा. अंडी घालण्याआधी सापडले तर निम्मं काम झालं.

रानवारा: +१. आणि साखरपुड्याचा मांडव नेमका त्या टकलावरच टाका. सतरंजीखाली कोण बघतंय.

परसबागवाली: मेनू काय ठेवलाय?

अंगण१९: मेनूचं नंतर. अहोंना बादली देऊन बसवलंय, ४३ झाल्या. मांडववाल्यालाही तीच जागा दाखवली. आता एकच, गच्चीवरच्या कंपोस्टच्या कुंडीतही अशाच अळ्या निघाल्या, जरा जास्त जाड. त्याही मारायच्या ना?

उसाचा_फड: घाई करू नका. एक अळी सपाट फरशीवर ठेवा आणि कशी चालते बघा. पाय वर करून, पाठीवर सरकत गेली तर ती हुमणी नाही. ती कुजका पालापाचोळा खाते, कंपोस्ट बनवते. राहू द्या तिला.

अंगण१९: पाठीवर चालतेय हो! अहो आधीच तिघींना बादलीत टाकून मोकळे झाले होते. बाकीच्या परत कुंडीत सोडल्या.