नवीन अलॉय टाकल्यापासून 90 च्या पुढे गाडी थरथरते, तीनदा बॅलन्सिंग करूनही फरक नाही

सरळरस्ता:
नमस्कार मंडळी, मदत हवीये, आता खरंच वैतागलोय. गाडी पाच वर्षं जुनी सेडान आहे, कंपनीची 15 इंची स्टीलची चाकं होती ती काढून बाहेरून 16 इंची अलॉय (हलक्या मिश्रधातूची चाकं) टाकले, टायरही चारही नवेकोरे, 205/55 आर 16 मापाचे. शहरात 60-70 पर्यंत गाडी एकदम स्मूथ, काहीच जाणवत नाही. हायवेला लागलो आणि काटा 90 च्या वर गेला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं, 100-105 ला सगळ्यात जास्त, आणि विचित्र म्हणजे 120 च्या जवळ गेलं की परत कमी होतं. सीटखालीही थोडं जाणवतं पण मुख्य त्रास स्टिअरिंगलाच. ब्रेक दाबला म्हणून वाढत नाही.

तीन वेळा बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) झालं, तेही दोन वेगळ्या ठिकाणी, मशीनवर चारही चाकं शून्य-शून्य दाखवत होती, मी स्वतः शेजारी उभं राहून बघितलंय. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, तेही केलं. अलॉय बसवणारा म्हणाला टायर नवीन आहेत, हजार किलोमीटर चालवा, सेट होतील. हजार होऊन गेले. एक मेकॅनिक शॉकअप बदला म्हणतो, दुसरा स्टिअरिंग रॅकवर शंका घेतोय. याच गाडीने जुन्या चाकांवर तासन्‌तास हायवे मारलाय, कधी एवढंसंही हललं नाही. मोठा खर्च करायच्या आधी काय काय तपासू आणि कुठल्या क्रमाने?

पाना_14:
जुनी चाकं अजून घरी आहेत का? असतील तर रॅक, शॉकअप सगळं बाजूला ठेवा आणि आधी तीच परत लावा. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला चालवून बघा. थरथर गेली तर दोष नवीन चाकांत आहे किंवा ती गाडीवर ज्या पद्धतीने बसलीत त्यात आहे, आणि राहिली तर मग खाली सस्पेन्शनकडे बघायचं. एका दुपारच्या कामात निम्मी शक्यता कटते.

दुसरं, रिकामा सरळ रस्ता बघून 100 ला असताना गिअर न्यूट्रल करा. इंजिन बंद करायचं नाही हां, ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतील. न्यूट्रलला पण तसंच थरथरत असेल तर इंजिन, माउंटिंग वगैरेंवरचा संशय सुटला. फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर हादरे येत असतील तर ड्राइव्हशाफ्टचा (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट, फक्त ब्रेकला येत असतील तर डिस्क. तुमच्या वर्णनावरून यातलं काही वाटत नाहीये पण खात्री झालेली बरी.

आणि दोन गोष्टी सांगा. अलॉय लावताना हब रिंग दिल्या होत्या का, आणि नट नवीन आहेत की जुनेच?

सरळरस्ता:
पाना_14, धन्यवाद, काल सकाळीच केलं. जुनी चाकं लावून 115 पर्यंत नेली, स्टिअरिंग एका बोटावर धरलं होतं, काही नाही. परत अलॉय लावले, परत तेच. न्यूट्रलला टाकलं तरी तसंच. म्हणजे शॉकअप-रॅक वाचले, तेवढं तरी बरं झालं.

नट जुनेच आहेत, कंपनीचे. हब रिंग म्हणजे काय? अशी कुठलीच वस्तू मला दिली नव्हती आणि चाक काढल्यावरही काही दिसली नाही.

हबवाला:
मिळालं उत्तर, निदान ऐंशी टक्के तरी. जरा सविस्तर लिहितो कारण मी पण यात दोन महिने घालवलेत आणि बॅलन्सिंगवाल्याशी उगाच भांडलो होतो, त्याचं काम बरोबरच होतं.

चाक काढल्यावर हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, मधोमध एक गोल उंचवटा दिसतो बघा. कंपनीच्या चाकाचं मधलं भोक त्या उंचवट्यावर अगदी घट्ट बसतं, म्हणजे चाक केंद्रात आणायचं काम तो उंचवटा करतो आणि नट फक्त दाबून धरतात. आता हा उंचवटा प्रत्येक कंपनीचा वेगळा. होंडाच्या बऱ्याच गाड्यांना 64.1 मिलिमीटर, ह्युंदाई-कियाच्या बऱ्याच गाड्यांना 67.1, फोक्सवॅगन गटाच्या बऱ्याच गाड्यांना 57.1. बाहेरचे अलॉय बनवणारा प्रत्येक गाडीसाठी वेगळं चाक कशाला बनवेल, तो मधलं भोक मोठं ठेवतो, 73.1 हे खूप ठिकाणी दिसतं, आणि मधली पोकळी भरायला एक पातळ कडी देतो, तीच हब रिंग. ती नसेल तर चाक उंचवट्याला टेकतच नाही, नुसतं नटांवर लटकलेलं असतं. नट आवळताना ते स्वतःच्या वजनाने अर्धा मिलिमीटर खाली बसलं तरी डोळ्याला कळणार नाही.

अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? हिशोब करून बघा. टायरसकट चाक 18 किलो धरलं आणि ते केंद्रापासून 0.5 मिमी सरकलं, तर त्याचा परिणाम रिमवर 20 सेंटिमीटर अंतरावर 45 ग्रॅमचं वजन चुकीच्या जागी चिकटवल्याइतका होतो. 45 ग्रॅम! आपण 5-10 ग्रॅमसाठी मशीनवर परत परत फिरवून बघतो.

आणि मशीन शून्य का दाखवतं तेही यातच आलं. मशीनवर चाक मधल्या भोकात शंकू घालून पकडतात, म्हणजे तिथे ते बरोब्बर केंद्रात असतं. चाक खरंच बॅलन्स आहे, मशीन खोटं बोलत नाहीये. गाडीवर मात्र त्याला केंद्रात आणणारं काहीच नाही. तीस वेळा बॅलन्सिंग केलंत तरी शून्यच येईल आणि गाडी थरथरतच राहील.

व्हर्निअर कॅलिपर मिळवा, हबचा उंचवटा मोजा, अलॉयचं भोक मागच्या बाजूने मोजा. रिंग नेमकी त्या दोन मापांची घ्यायची, जवळपासची चालत नाही. अ‍ॅल्युमिनिअमची आणि प्लास्टिकची दोन्ही मिळतात, रोजच्या वापराला दोन्ही ठीक, फक्त सतत जोरात ब्रेक लागत असतील तर उष्णतेने प्लास्टिक मऊ पडू शकतं, आणि अ‍ॅल्युमिनिअमची असेल तर बसवताना हबला ग्रीसचा अगदी पातळ हात मारा, नाहीतर गंजून चिकटते आणि निघता निघत नाही.

तिरकस_बोल्ट:
हबवाला, बहुतेक सगळं पटलं पण एक ठिकाणी थांबतो. रिंग नाही म्हणजे थरथर होणारच असं नाही. नट बरोबर असतील तर ते स्वतःच चाक केंद्रात आणतात, 60 अंशाच्या शंकूचे नट त्यासाठीच असतात. रिंग गाडीचं वजनही उचलत नाही. चाकाचा मागचा सपाट भाग हबवर नटांनी दाबला जातो आणि त्या घर्षणावर सगळा भार जातो, रिंग फक्त बसवताना जागा दाखवते. माझ्या स्वतःच्या गाडीवर रिंगशिवाय अलॉय होते आणि 130 ला सुद्धा शांत.

त्यामुळे मला जास्त काळजी वाटतेय ती नटांची. सरळरस्ता, तुम्ही जुनेच नट वापरलेत म्हणालात. ते काढून त्यांचं तोंड नीट बघा. तिरकं सरळ शंकूसारखं आहे की चेंडूसारखं गोलाकार? काही कंपन्यांचे मूळ नट गोलाकार तोंडाचे असतात आणि बाहेरच्या अलॉयमधले नट टेकायचे खड्डे बहुतेक वेळा शंकूचे असतात. गोल नट शंकूच्या खड्ड्यात टाकला की तो पूर्ण टेकत नाही, एका बारीक रेषेवर टेकतो. टॉर्क पाना (ठरलेल्या जोराला आवळायचा पाना) टक् वाजतो, वाटतं घट्ट झालं, पण तो सैल पडू शकतो. इथे थरथरीपेक्षा मोठा प्रश्न आहे, चाक निसटण्याचा. तसं असेल तर नट बदलेपर्यंत त्या अलॉयवर हायवेला जाऊ नका, प्लीज. जुनी चाकं लावून फिरा.

नट घेताना आटेही जुळवा. 12 बाय 1.5 आणि 12 बाय 1.25 (स्टडची जाडी आणि आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) दिसायला सारखेच, पण चुकीचा नट दोन-तीन आटे हाताने जातो आणि मग नट आवळायच्या गनने रेटला की स्टडच (हबमधून बाहेर आलेला, नट बसायचा बोल्ट) खराब. म्हणून पहिले आटे नेहमी हातानेच.

हबवाला:
तिरकस_बोल्ट, मान्य. नटांचं माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि ते रिंगच्या आधी बघायला हवं.

वारंवारता:
वरच्या कुणी 120 ला कमी का होतं ते सांगितलं नाही म्हणून लिहितोय. 205/55 आर 16 चा व्यास साधारण 632 मिमी, म्हणजे एका फेरीत गाडी जवळजवळ 2 मीटर पुढे जाते. ताशी 100 म्हणजे सेकंदाला 27.8 मीटर, म्हणजे चाक सेकंदाला 14 वेळा फिरतं आणि त्यातला दोष 14 वेळा धक्का देतो. चाक, हब, ब्रेक मिळून जे वजन स्प्रिंगच्या खाली लटकतं त्याची स्वतःची वर-खाली उडायची गती पण साधारण सेकंदाला 10 ते 15 च्या घरात असते. दोन्ही जुळले की झोपाळ्याला वेळेवर धक्का दिल्यासारखं होतं. वेग वाढला की धक्के त्या लयीच्या पुढे निघून जातात आणि हाताला कमी जाणवतं. दोष गेलेला नसतो, जोर तर वेगाच्या वर्गाने वाढतच असतो. त्यामुळे 120 ला शांत आहे म्हणून तिथेच चालवत राहणं हा उपाय नाही.

स्टिअरिंगला जास्त म्हणजे पुढची चाकं, सीटला जास्त म्हणजे मागची, हा ढोबळ नियम बऱ्याचदा बरोबर निघतो.

नट-रिंग करूनही थोडं राहिलं तर टायरकडे वळा. बॅलन्सिंग मशीन वजन बघतं, गोलाई नाही. टायर एका बाजूला किंचित उंच किंवा कडक असेल तर वजनाने बॅलन्स असूनही तो प्रत्येक फेरीला उचलतो. काही मशीनला रोलर असतो, तो टायरवर दाबून हा फरक मोजतो, तसं मशीन कुठे मिळालं तर उत्तमच. नाहीतर चाक जॅकवर घ्या, टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याजवळ एखादा स्क्रूड्रायव्हर ठोकळ्यावर पक्का टेकवा, चाक हळू हाताने फिरवा आणि फट बघत राहा. दीड मिलिमीटरच्या वर फरक दिसला तर टायर रिमवरून उतरवून अर्धी फेरी फिरवून परत चढवायचा, रिमचा उंच भाग आणि टायरचा उंच भाग एकत्र आले असतील तर ते वेगळे होतात.

सरळरस्ता:
मंडळी, अपडेट द्यायला उशीर झाला, पण सगळं करूनच लिहायचं ठरवलं होतं.

तिरकस_बोल्ट, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. नट काढून उन्हात धरले, तोंड गोल. अलॉयचे खड्डे शंकूचे, आणि प्रत्येक खड्ड्यात फक्त एक बारीक चकचकीत रेघ उमटलेली. दोन नट तर पान्याला जोर न लावता फिरले. या चाकांवर मी घरच्यांना घेऊन हजार किलोमीटर फिरलोय, त्या रात्री झोप लागली नाही. लगेच जुनी चाकं लावली आणि नवीन नट येईपर्यंत अलॉयला हात लावला नाही.

माप घेतलं तर हब 64.1 आणि अलॉयचं भोक 73.1, म्हणजे चारी बाजूंनी साडेचार मिलिमीटर मोकळं. अ‍ॅल्युमिनिअमच्या रिंग आणि 12 बाय 1.5 चे शंकूचे नट आणले. आणखी एक गोष्ट सापडली जी कुणी लिहिली नव्हती, पुढच्या डाव्या हबवर एका स्टडला डिस्क धरून ठेवणारी पातळ पत्र्याची चकती होती, बहुतेक कारखान्यातूनच आलेली. स्टीलच्या चाकाला मागे तिथे जागा होती, अलॉयचा मागचा भाग सपाट, त्यामुळे तो त्या चकतीवरच टेकत होता. काढून टाकली. हबवरचा गंज वायर ब्रशने घासला, चाक पायाने वर उचलून धरून नट हाताने लावले, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, गाडी खाली उतरवली आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने पूर्ण केलं. गन अजिबात नाही.

स्टिअरिंगची थरथर जवळजवळ संपली. 105 ला अगदी हलकी कुरकुर राहिली होती, पुढची चाकं मागे टाकली तर ती सीटखाली गेली, म्हणजे त्याच दोनपैकी एक चाक. वारंवारताने सांगितलं तसं स्क्रूड्रायव्हर लावून फिरवलं, एका टायरला फट दीड मिलिमीटरच्या वरच हलत होती. टायर रिमवर अर्धी फेरी फिरवून घेतला, परत बॅलन्स केलं, आता फट निम्म्याहून कमी. काल अडीच तास सलग 100-110 ला होतो, बाटलीतलं पाणी सुद्धा हललं नाही.

पाना_14:
वा, एकदम बेस्ट काम केलंत. एकच, नवीन अलॉय आणि नवीन नट आहेत, 80-100 किलोमीटर झाले की टॉर्क परत एकदा चेक करा, चाकं गार असताना.

सरळरस्ता:
आज सकाळी केला. मागच्या उजव्या चाकाचा एक नट थोडासा फिरला, बाकी सगळे जागेवर. आणखी शंभर किलोमीटरनंतर पुन्हा बघणार आहे.