उंदराच्या यकृतात ऑक्सिजनचा उतार दिसतच नाही, चूक कुठे?

खारघर_मायक्रोस्कोप:
फॉस्फोरेसन्स लाइफटाइमवरून (लेझरच्या स्पंदानंतर प्रोबचा उजेड विझायला लागणारा वेळ; ऑक्सिजन जास्त तितका तो आखूड) जिवंत उंदराच्या यकृतातला ऑक्सिजन मोजतोय. इरिडियमचा प्रोब (ऑक्सिजनला प्रतिसाद देणारा चमकता रेणू) शेपटीच्या शिरेतून दिला, भुलीला आयसोफ्लुरेन १.५ टक्के शुद्ध ऑक्सिजनमधून, पोट उघडून डावा लोब कव्हरस्लिपवर टेकवला. पुढे फॅटी लिव्हरचे उंदीर घ्यायचे आहेत, पण निरोगी उंदरातही पोर्टल शिरेपासून (यकृतात रक्त आणणारी) मध्यवर्ती शिरेपर्यंत (रक्त बाहेर नेणारी) लाइफटाइम सारखाच, तोही आखूड. कुठून तपासू?

घणसोली_ऑप्टिक्स:
आधी गॅस बदला. ऑक्सिजनचा दाब पोर्टल बाजूला साधारण ६०-६५ आणि मध्यवर्ती शिरेजवळ ३०-३५ मिमी पारा, हा फरक साधी हवा घेणाऱ्या प्राण्यातला. शुद्ध ऑक्सिजनने तो बुजतो. आयसोफ्लुरेन २१ टक्के ऑक्सिजनमधून द्या.

दुसरी गळती उघड्या पोटातून. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन १५० मिमीच्या आसपास, तो पृष्ठभागातून थेट आत शिरतो. लोबच्या कडा कोमट सलाइनने ओल्या ठेवून वर क्लिंग फिल्म घट्ट बसवा, बुडबुडा राहू देऊ नका. मात्र लोब दाबू नका. दाबाने रक्त थांबलं की उलटीच चूक होते, सगळीकडे ऑक्सिजन कमी दिसतो.

लेझरचे स्पंदही बघा. लाइफटाइम ५ मायक्रोसेकंद असेल तर दोन स्पंदांत किमान २५ मायक्रोसेकंद हवेत, नाहीतर आधीच्या स्पंदाची शेपूट पुढच्यात मिसळते.

ऐरोली_हेपॅटो:
एसी २२ अंशांवर असेल तर उंदीर भराभर गार पडतो. पेशींचा ऑक्सिजन-वापर घटतो, उतार सपाट होतो. शिवाय थंडीने प्रोबचा लाइफटाइम लांबतो, म्हणजे आकडाही चुकतो. गुदद्वारातलं तापमान ३७ वर धरा, ऑब्जेक्टिव्हलाही (मायक्रोस्कोपच्या भिंगाला) हीटर लावा.

कॅलिब्रेशन नुसत्या बफरमध्ये केलं असेल तर ते धरू नका. प्रोब पेशीत शिरल्यावर त्याचं वागणं बदलतं. यकृतपेशींच्या थरावर, अँटिमायसिन ए देऊन श्वसन थांबवून, ३७ अंशांवर करा. श्वसन चालू असलं तर पेशीतला ऑक्सिजन माध्यमापेक्षा कमी राहतो आणि सगळा आलेख सरकतो.

खारघर_मायक्रोस्कोप:
आभार. कोणती शीर पोर्टल, हे नक्की कसं ठरवू?

ऐरोली_हेपॅटो:
फ्लुओरेसीन-डेक्स्ट्रान (रक्तात चमकणारा रंग) देऊन प्रवाहाचा व्हिडिओ घ्या. सायनुसॉइड (यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या) जिच्यातून फाकत जातात ती पोर्टल, जिच्यात येऊन मिळतात ती मध्यवर्ती. फॅटी लिव्हरमध्ये फुगलेल्या पेशी सायनुसॉइड चेपतात, तिथे नुसत्या आकारावरून हमखास फसगत होते.