खानदेशातल्या ख्रिस्ती घरांचा अनुभव धागा: आखाजी (अक्षय्य तृतीया), कानबाई (देवीचा श्रावणातला सण), दसरा... उपासना एकाच देवाची कशी राखता?

तापीकाठ: बाजारात कुंभारांनी आखाजीच्या घागरी मांडल्यात. त्या पाहून आमच्या चर्चच्या जुन्या पाळकांची (धर्मगुरूंची) शिकवण आठवली: सणाच्या सकाळी वाद नको, आठ दिवस आधी घरात ठरवा. नवी घागर आणावी, आमरस-सांजोऱ्या खाव्यात, पोरींनी झोके घ्यावेत, त्यात पूजा नाही. उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवत पितरांची नावं घेणं आणि चुलीत घास टाकणं ही मात्र उपासनाच. गेलेल्यांबद्दल देवाचे उपकार मानावेत, त्यांना जेवू घालू नये. तुमच्याकडे कुठवर चालतं नि कुठे थांबता? लिहा.

नवापूरची_ताई: प्रसादाचं लिहिते, कुकर लावलाय. बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 10. बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. कुणी सांगितलं की हे देवाला दाखवलेलं आहे, तर खाऊ नका. गडबड कुठे होते? संकोचाने हातात घ्यायचं नि कोपऱ्यावर गाईला घालायचं. देणारीचा अपमान आणि आपलं खोटं, दोन्ही. दारातच हात जोडून म्हणावं, "काकू, प्रसाद आम्ही घेत नाही, चहा मात्र पिऊनच जाईन." आणि खरंच बसावं.

गिरणाथडी: कानबाईचं याहून अवघड. रोट, म्हणजे देवीचा गव्हाचा नैवेद्य, भाऊबंदकीतच खातात, त्यामुळे विश्वासात आलेला भाऊ पंगतीला बसला नाही की घर फुटल्यासारखं वाटतं. श्रावण लागायच्या आधी थोरल्याला एकट्याला गाठून सांगा: रोटाच्या गव्हात वाटा नाही, पण आईच्या औषधाचा वाटा कधीच चुकणार नाही. चारचौघांत सांगितलं तर तो हट्टाला पेटतो.

अमळनेर_माहेर: बठ्ठं खरं शे भाऊ. ताई, सांजोरी तेलात फुटते, काय करू?

नवापूरची_ताई: सांजा पूर्ण गार होऊ दे, मग भर. कडा ओल्या बोटाने दाबून घे.

सातपुडा_पायथा: ट्रॅक्टरचं लिंबू-मिरची काढतात आणि त्याच खिळ्याला क्रूस टांगतात. भीती तीच राहिली की! मोशेने केलेल्या पितळी सापापुढे लोक धूप जाळू लागले तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला, 2 राजे 18. शास्त्र (बायबल) बंद करून उशाखाली ठेवू नका, आजाऱ्याजवळ बसून मोठ्याने वाचा. नंदुरबारकडे लेकराचे हातपाय सुजले, सांधे ठणकले की भगत कोंबडा मागतो. ते सिकल सेलचं दुखणं असू शकतं, दवाखान्यात रक्त तपासून घ्या. याकोब 5:14 प्रमाणे मंडळीचे वडील, म्हणजे चर्चमधली जाणती जबाबदार माणसं, बोलवा, तेल लावा, प्रार्थना करा; पण तेल लावलं म्हणून तपासणी लांबवू नका.

जिनिंगवाला: दसऱ्याची यंत्रपूजा. आदल्या दिवशी यंत्र पुसणं, ग्रीस भरणं, पट्टे बघणं हे आपलं काम, ते मन लावून करा. नारळ, हळदकुंकू, आरती आपल्या हातून नाही. शेठला आठ दिवस आधी सांगा म्हणजे तो ताट दुसऱ्याकडे देतो. ऐन वेळी हात मागे घेतला तर चारचौघांत त्याची मानहानी होते. काही जण अरामी सेनापती नामानाचा दाखला देतात, 2 राजे 5: त्याचा धनी, म्हणजे राजा, हातावर टेकला की रिम्मोन दैवताच्या देवळात त्यालाही वाकावं लागे, आणि अलीशा संदेष्टा "शांतीने जा" म्हणाला. पण परमेश्वराशिवाय कोणालाही यज्ञ करणार नाही हे त्याने आधीच कबूल केलं होतं. ते वचन वगळून दाखला देऊ नये.

पांझरा: पोळ्याला खांदेमळणी, शिंगं रंगवणं, नवी वेसण, पुरणपोळी, सगळं करावं. नीतिसूत्रे 12:10 जनावराची काळजी घ्यायलाच सांगतं. फक्त ओवाळणं नको.

रावेर_केळीबाग: मूर्तीपुरतंच बोलतोय आपण. कलस्सै 3:5 लोभालाच मूर्तिपूजा म्हणतं. रविवारी सकाळी केळीची गाडी लागली की उपासना बुडते, आणि ते कुणाला खटकतही नाही. व्यापाऱ्याशी भाव ठरवतानाच कापणी शनिवारी नाहीतर सोमवारी अशी बोली करा. कापसाचा चुकारा हातात आला की दशांश (देवाचा दहावा हिस्सा) त्याच दिवशी बाजूला काढा, उधारी फेडून उरेल त्यातून निघत नाही.

वसईकर_जळगावात: आम्हा कॅथलिकांच्या घरी पुतळे असतात. इ.स. 787 च्या निकीया इथल्या चर्चच्या परिषदेने प्रतिमांना मान देण्यास मुभा दिली, आराधना फक्त देवाची. म्हणून मान आणि आराधना यांतला, तसाच नवस आणि सौदा यांतला फरक मुलांना शिकवावा लागतोच.

तापीकाठ: बरं झालं लिहिलंत. मंडळाच्या वर्गणीचं कसं करता?

गिरणाथडी: आरती-मूर्तीसाठी नाही. गल्लीचा बोअर, दिवे, कुणाच्या मयतीची लाकडं, यासाठी मागितलं तर पहिलं नाव आपलं. पावतीवर कारण लिहून घ्या.