अमेरिकेत थायरॉईडची गोळी किती वाजता घ्यायची?

प्रश्न: जूनमध्ये लेकीकडं न्यू जर्सीला निघालेय. वय 61. पहाटे साडेपाचला उपाशीपोटी गोळी, अर्ध्या तासानं चहा, मग रंकाळ्यावर फेरी, हे बारा वर्षांचं ठरलेलं. तिकडचं घड्याळ साडेनऊ तास मागं. म्हणजे गोळी रात्री आठला, भरल्या ताटावर? मागच्या खेपेला चार दिवस अंगात कापूस भरल्यागत झालेलं, नातवाला उचलवेना.

उत्तर: काकू, माझीपण तीच गोळी. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण 7 दिवस लागतात, काही तासांनी काय बिघडत नाही. पोचल्यावर तिथल्या पहाटे उपाशीपोटी घ्या. चुकली म्हणून दोन एकदम नकोत. इन्सुलिनवाल्यांनी मात्र हा हिशेब लावू नये, डॉक्टरांना विचारूनच.

उत्तर: गोळ्या पर्समध्येच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. माझी मोठी बॅग मुंबईतच राहिली आणि गोळ्या तिच्यात, कांदा-लसूण मसाल्याच्या पुड्याशेजारी! थकव्याचं म्हणाल तर पहिल्या दिवशी दुपारी लांब ताणून देऊ नका, संध्याकाळी उजेडात फिरा.

प्रश्नकर्ती: पर्स भरली. मसाला कुठं ठेवू?