मदत हवी आहे : सांडपाणी थांबलं तरी तळं हिरवंच

आमच्या गावतळ्यात येणारे सांडपाण्याचे नाले वळवून दोन पावसाळे झाले. काठावर कपडे धुणं बंद आहे, निर्माल्य कुंडात जातं, जलपर्णीही उपटून बाहेर टाकली. तरी मार्च लागला की हिरवा तवंग येतोच. हात बुडवला तर बोटांना रंगासारखा चिकटतो. पहाटे मासे हवेसाठी वर येतात, बघवत नाही.

सिएटलच्या वॉशिंग्टन सरोवरात १९६३ ते १९६८ दरम्यान सांडपाणी वळवल्यावर काही वर्षांतच पाणी नितळ झालं. पण ते खोल. आमचं तळं जेमतेम दोन-अडीच मीटर. तळाशी ऑक्सिजन संपला की गाळात साठलेला फॉस्फरस, म्हणजे हिरव्या शेवाळाचं खाद्य, पुन्हा पाण्यात उतरतो, तेच इथे होत असावं. स्वीडनच्या उथळ ट्रुमेन सरोवरातही सांडपाणी थांबवून भागलं नव्हतं, १९७०-७१मध्ये गाळ उपसावा लागला.

फॉस्फरस बांधून ठेवायला तुरटी टाका असं काहीजण सांगतात, पण गुरं हेच पाणी पितात, मासेमारीही चालते. गाळ उपसायला निधी एकदाच मिळेल.

त्याआधी नक्की करायचंय : फॉस्फरस गाळातून येतोय की तळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या उसाच्या खतातून? त्यासाठी पाण्याचे आणि गाळाचे नमुने कुठून, किती खोलीवरून, कोणत्या महिन्यांत घ्यावेत?