नवरा-बायको छोट्या गोष्टींवरून का भांडतात?

गवतीचहा: माझ्या मते भांडण छोट्या गोष्टीचं नसतंच, कामाच्या वाटणीचं असतं. कुकर लावला आणि गॅस संपला. सिलिंडर बदलणं पाच मिनिटांचं काम, ते नवरा करतोही. पण टाकी संपत आल्याचं ओळखायचं, नंबर लावायचा, सिलिंडर येईल तेव्हा घरी कोण असेल ते बघायचं, नाही आला तर फोन करायचा, हे कुणाकडे? समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये घरच्या या डोक्याच्या कामाचे चार भाग मांडले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, लक्ष ठेवणं. त्यांना पहिला आणि शेवटचा भाग बायकांकडेच जास्त दिसला.

सरळरेषा: अजिबात पटलं नाही. पलंगावरच्या ओल्या टॉवेलमागे दरवेळी विषमता शोधायची नसते. भांडण पेटतं ते वेळेमुळे आणि पहिल्या वाक्यामुळे. दोघं लोकलच्या गर्दीतून आलेले, पोटात काही नाही, अशा वेळी "तू नेहमीच असं करतोस" म्हटलं की संपलं. "गादी ओली होतेय, टॉवेल दोरीवर टाक ना" एवढंच म्हणावं. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन पहिल्या तीन मिनिटांना फार महत्त्व देतात. नाडी शंभराच्या पुढे गेली की समोरच्याचं ऐकूच येत नाही. निदान वीस मिनिटं थांबावं. मात्र परत कधी बोलायचं ते सांगून उठावं, नाहीतर तो अबोला वाटतो.

गवतीचहा: म्हणजे नीट शब्दांत सांगायचं कामही तिचंच? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बायकांचा घरकामाचा वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटं, पुरुषांचा ८८. तोही घरकाम करणाऱ्यांपुरताच. ज्यांनी कामाला हातच लावला नाही, ते पुरुष या सरासरीत धरलेले नाहीत.

सरळरेषा: आकडे मान्य. पण घरात बसून "मी जास्त करते, मी जास्त करतो" याचा निकाल लागत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉस आणि सिकोली यांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोला घरच्या कामातला आपापला वाटा विचारला, तेव्हा बहुतेक जोडप्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. आपण केलेलं आपल्याला जास्त आठवतं, त्यात लबाडी नसते.

पाटीपेन्सिल: म्हणून "मदत कर" म्हणू नका, अख्खं काम सोपवा. सिलिंडर त्याच्याकडे, म्हणजे लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहिण्यापासून सगळं त्याच्याकडे. रिकाम्या टाकीचं वजन वरच्या पट्टीवर कोरलेलं असतं, भरताना गॅस १४.२ किलो, अंदाज यायला एवढं पुरतं. बिघडतं कुठे? पहिल्यांदा तो विसरतो आणि ती घाईघाईने नंबर लावते. काम परत तिच्याकडे. त्या दिवशी बाहेरून जेवण मागवा, पण नंबर त्यालाच लावू द्या.

गवतीचहा: हे चालेल, पण कामांची यादी एकटीला करायला लावू नका. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायची, मग शेजारी ठेवायची. मावशींच्या सुट्ट्या, सासूबाईंच्या गोळ्या, शाळेच्या ग्रुपवरचे निरोप कुणाच्या कागदावर आहेत ते बघा, आणि वाटणी तिथून सुरू करा.