थॅलेसेमिया : कोविडच्या साथीत रक्त चढवायची तारीख पुढे ढकलावी का?

ऐरोलीची आई: मुलाला थॅलेसेमिया, म्हणजे शरीरात पुरेसं रक्त न बनण्याचा आनुवंशिक आजार. ७ वर्षांचा, वजन १८ किलो, दर २१ दिवसांनी रक्त चढवतो. रक्तदान शिबिरं बंद, ठाण्यात तुटवडा. आठवडाभर थांबलं तर चालेल का?

रक्तपेढी तंत्रज्ञ, कळवा: नका थांबू. हिमोग्लोबिन ९च्या खाली गेलं की हाडांतली मज्जा रक्त बनवायला जोर लावते, हाडं रुंदावतात, प्लीहा (पोटातलं पाणथरी) वाढते. क्रॉसमॅचचा (दात्याचं रक्त जुळतं का, या तपासणीचा) नमुना आदल्या दिवशी द्या, वॉर्डात ताटकळावं लागणार नाही. किलोमागे १५ मिलि म्हणजे २७० मिलि, साधारण एक पिशवी, ४ तासांच्या आत संपवायची. पांढऱ्या पेशी गाळलेलीच मागा. नाहीतर थंडी-ताप येतो आणि कोविड समजून धावपळ होते.

वाशीकर: दात्यांचं गणित मांडा. वर्षाला १७ वेळा रक्त लागणार. पुरुषाला ९० दिवसांनीच देता येतं, म्हणजे एकाकडून जेमतेम चारदा. पाच जण पुरतात, पण कोणी आजारी पडतंच, म्हणून आठ नावं ठेवा. सोसायटीच्या ग्रुपवर तारखा आजच वाटून टाका.

बालरोग परिचारिका: वारंवार रक्त चढवल्याने साठणारं लोह काढायची गोळी कुठली चालू आहे? डेफेरिप्रोन असेल तर ताप येताच बंद, लगेच सीबीसी (रक्तपेशींची तपासणी). न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घसरलेले असू शकतात. प्लीहा काढली असेल तर १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे थेट इमर्जन्सी. कोविडच्या रिपोर्टची वाट बघू नका, अँटिबायोटिक आधी.

ऐरोलीची आई: डेफेरासिरॉक्स. प्लीहा आहे.

बालरोग परिचारिका: मग उलट्या-जुलाबांवर लक्ष ठेवा. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडावर येतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळी थांबवा.